तयार लाकडी फर्निचर नूतनीकरणात कधी आणि कसे बसवावे?

प्रश्न असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट आहे. जुन्या टाइलवर नवी टाइल, भिंतींना पीओपी, नवे वायरिंग आणि रंग असे काम काढायचे आहे. सुताराकडून सगळे घडवून घेण्याऐवजी शिसवी लाकडाचा बेड (बाहेरून ७६ बाय ८४ इंच), तीन दारांचे कपाट (७२ इंच रुंद, २४ इंच खोल, ८२ इंच उंच) आणि ६० बाय ३६ इंचांचे जेवणाचे टेबल तयार घ्यायचे ठरले आहे. बेडरूम १० बाय ११ फुटांची आहे, त्या ११ फुटांतच माळ्याखालची कपाटाची जागा येते. ती ७३ इंच रुंद आहे आणि माळा जमिनीपासून ७ फुटांवर आहे. फर्निचर आत्ता सवलतीत मिळत असल्याने आधीच आणून ठेवावे का, आणि ते जागेत नीट बसेल का?

नाशिकमध्ये गेली अठ्ठावीस वर्षे मी सुतारकाम आणि जुन्या घरांच्या नूतनीकरणाची कामे करतो. त्या अनुभवावरून सांगतो की फर्निचर सर्वांत आधी ठरवावे आणि सर्वांत शेवटी घरात आणावे. सवलत हवी असेल तर पैसे भरून नोंदणी करा, बिलावर नेमकी मापे लिहून घ्या आणि माल दुकानदाराच्या गोदामातच राहू द्या. सुतार घरात बसून काम करतो तेव्हा तो भिंतीचा वाकडेपणा पोटात घेत कपाट घडवतो. तयार कपाटाला ते जमत नाही. त्यामुळे घराचे काम त्याच्या मापाला धरून करावे लागते, आणि त्यासाठी ते माप पहिला हातोडा पडण्यापूर्वी आपल्या हातात असले पाहिजे.

आपण दिलेलीच मापे घेऊ. माळ्याखालची जागा ७३ इंच आणि कपाट ७२ इंच, म्हणजे एक इंच जागा उरते, असे कागदावर दिसते. परंतु ७३ इंच म्हणजे १८५४ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पीओपीचा प्रत्येकी दहा मिलिमीटरचा थर चढला की १८३४ उरतात. कपाट १८२९ मिलिमीटरचे आहे. उरले पाच मिलिमीटर, आणि तेही भिंती अगदी ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या असतील तरच. पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत सात फूट उंचीत भिंत दहा-बारा मिलिमीटर झुकलेली असणे किंवा मध्यभागी तिला पोट आलेले असणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणून जागेचे माप एकदा घेऊन चालत नाही. रुंदी तळाशी, मध्ये आणि वर, आणि या तिन्ही ठिकाणी पुन्हा पुढच्या कडेला, मध्ये व मागच्या भिंतीजवळ, अशी नऊ मापे घ्यावीत आणि त्यांतले सर्वांत लहान तेच खरे धरावे. एका घरी मी स्वतः फक्त तळाचे माप घेऊन कपाट मागवले होते. ते कमरेइतक्या उंचीवर प्लास्टरच्या पोटाला अडले. नुकताच रंग दिलेली भिंत छिन्नीने तासावी लागली, आणि त्या घरातल्या आजी शेजारी उभ्या राहून ते पाहत होत्या. त्या दिवसापासून नऊ मापांशिवाय मी कपाटाची नोंदणी होऊ देत नाही.

उंचीचेही असेच गणित मांडा. माळा ८४ इंचांवर, म्हणजे २१३४ मिलिमीटरवर आहे. जुन्या टाइलवर नवी टाइल आणि तिच्याखालचा चिकट मसाला मिळून जमीन साधारण पंधरा मिलिमीटरने वर येते आणि माळ्याच्या खालच्या बाजूला पीओपीचे दहा मिलिमीटर जातात. उरलेल्या २१०९ मिलिमीटरमध्ये ८२ इंचांचे, म्हणजे २०८३ मिलिमीटरचे कपाट उभे राहते. वर इंचभर फट राहते, ती चांगलीच. अडचण पुढे आहे. कपाट आडवे आणून उभे करताना त्याचा कर्ण वर येतो, आणि ८२ इंच उंच व २४ इंच खोल कपाटाचा कर्ण सुमारे ८५.४ इंच भरतो. तो माळ्याखाली मावत नाही. कपाट खोलीच्या मोकळ्या भागात उभे करून मग आत सरकवावे लागेल. त्या वेळी खोलीत बेड असता कामा नये आणि फॉल्स सीलिंगचा दिवाही मध्ये लोंबत नसावा. कपाट सुटे भाग जोडून उभे करण्याचे असेल तर ही अडचण कमी होते, पण सगळे भाग माळ्याखालीच जोडायचे म्हटले तर मागचा फळा ठोकायला माणसाला जागा उरत नाही, तेव्हा तेही मोकळ्या जागेत जोडून सरकवणेच बरे.

या घरासाठी माझा सल्ला असा की ७२ ऐवजी ६६ ते ६८ इंच रुंदीचे कपाट निवडावे आणि दोन्ही बाजूंना दोन ते तीन इंच जागा मुद्दाम सोडावी. ती जागा वाया जाते असे बहुतेकांना वाटते, पण तयार कपाट भिंतीत घडवल्यासारखे दिसते ते या जागेमुळेच. तिथे कपाटाच्याच रंगाची लाकडी पट्टी बसवतात. पट्टी भिंतीलगत ओळंब्यात उभी धरायची, कंपास पट्टी-भिंतीतल्या सर्वांत मोठ्या फटीएवढा उघडायचा, त्याचे टोक भिंतीवर टेकवून वरून खाली सावकाश फिरवायचे, म्हणजे पेन्सिल पट्टीवर भिंतीचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा उतरवत जाते. त्या रेषेवर करवत जरा तिरपी धरून कापायचे, म्हणजे पट्टीची पुढची कडा भिंतीला घट्ट टेकते, मागची मोकळी राहते, आणि शेवटचा केसभर फरक रंध्याने किंवा कानशीने काढता येतो. पट्टी कपाटाला चिकटवू नये. भिंतीवर एक लाकडी ठोकळा बसवून त्यावर स्क्रूने घ्यावी. असे केल्याने पट्टीसाठी कपाटाला भोक पाडावे लागत नाही आणि पुढे कधी मागची भिंत पाहायची वेळ आली तर पट्टी काढून कपाट सहज बाहेर ओढता येते.

खोलीची लांबी कपाटापेक्षाही काळजीची आहे. ११ फूट म्हणजे १३२ इंच. त्यांतले २४ इंच कपाटाचे आणि, बेडचे डोके समोरच्या भिंतीला घेतले तर, ८४ इंच बेडचे. मधे राहिले २४ इंच. तीन दारांच्या ७२ इंची कपाटाचे एक दारही २४ इंचांचेच असते. म्हणजे दार उघडले की ते बेडच्या कडेला लागणार, आणि कपडे काढायला उभे राहायला जागाच नाही. बेडचे डोके ११ फुटांच्या भिंतीला घेतले तर हिशेब बदलतो: १३२ मधून कपाटाचे २४ आणि बेडची रुंदी ७६ वजा जाऊन ३२ इंच राहतात, पण ते मिळण्यासाठी बेडची दुसरी बाजू भिंतीला चिकटवावी लागते आणि त्या बाजूला झोपणाऱ्याला रोज रात्री पायथ्याकडून चढावे लागते. तिसरा मार्ग सरकत्या दारांच्या कपाटाचा आहे. दार पुढे येत नसल्याने २४ इंचांच्या वाटेतही काम भागते, फक्त एका वेळी अर्धेच कपाट उघडे मिळते. आपली खोली पाहता मी हा तिसरा मार्ग निवडीन. तरीही माझ्या शब्दावर जाऊ नका. जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून बेड आणि कपाट यांच्या आकाराचे कागद खोलीत अंथरा, कपाटाच्या उघड्या दाराच्या जागी एक पुठ्ठा धरा, आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला रात्री दिवा लावून बाथरूमपर्यंत चालून पाहायला सांगा. बेडखालचे खण बाहेर ओढण्याचे असतील तर त्यांच्यासाठी आणखी दीड फूट लागतो, तेही कागदावर दाखवा.

बेडची जागा एकदा कायम झाली की इलेक्ट्रिशियनला भिंतीवर खडूने खुणा करून द्या. ७६ इंचांच्या बेडच्या मध्यरेषेपासून ३८ इंचांवर त्याची कड येते, म्हणून उशाजवळचे स्विच मध्यरेषेपासून ४४ ते ४६ इंचांवर आणि जमिनीपासून २७ ते ३० इंच उंचीवर घ्यावेत. बाजूचे छोटे टेबल २२ इंच उंच असले तरी स्विच त्याच्या वर मोकळे राहतात. कपाटामागे कोणताही सॉकेट किंवा वायरच्या जोडांची पेटी राहू देऊ नये. भिंतीत पाइप टाकून झाल्यावर आणि प्लास्टर बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी टेकवून, फोटो काढून ठेवा. पुढे कपाट भिंतीला बांधताना ड्रिल कुठे मारायचे नाही हे त्याच फोटोंवरून कळते.

आता कामाचा क्रम. तोडफोड, नळ आणि वायरिंग, प्लास्टरची डागडुजी, टाइल, पीओपी, पुट्टी-प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, एवढे सगळे होईपर्यंत घरात लाकडाचा तुकडाही येऊ नये. त्यानंतर माळ्याखालचे कपाट आणि त्याच्या पट्ट्या बसवाव्यात, मग रंगाचा शेवटचा हात द्यावा आणि बेड-टेबल त्याहीनंतर आणावे. यात एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टाइल लावून झाल्यावर सिमेंटचे डाग काढण्यासाठी अनेक कामगार जमीन ॲसिडने धुतात. त्याच्या वाफा बंद घरात राहिल्या तर बिजागऱ्या, खणांचे चॅनेल आणि कुलुपे काही आठवड्यांत गंजू लागतात, आणि मालक मात्र फर्निचर निकृष्ट निघाले असे समजतो. ॲसिड वापरू न दिलेले उत्तम. वापरलेच असेल तर भरपूर पाण्याने जमीन धुऊन, खिडक्या उघड्या ठेवून घर काही दिवस मोकळे राहू द्या, आणि मगच कपाट आणा.

नव्या प्लास्टरला वाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणालाही द्यावासा वाटत नाही. आपल्याकडे बरीच कामे दसरा किंवा दिवाळीच्या मुहूर्तावर संपवायची असतात. मग ऐन श्रावण-भाद्रपदात प्लास्टर होते, महिन्याभरात रंग होतो आणि भिंत वरून कोरडी वाटली तरी आतली ओल कपाटाच्या मागच्या पातळ फळ्यात शिरते. कपाट भिंतीला चिकटून असले की तिथे हवा फिरत नाही, आणि दिवाळीत नवे कपडे काढताना बुरशीचा वास येतो. प्लास्टर केलेल्या भिंतीला कोरड्या हवेत किमान महिना आणि पावसाळ्यात त्याहून बराच जास्त अवधी द्यावा. साधी परीक्षा अशी: हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरले किंवा भिंतीचा रंग गडद झाला तर भिंत अजून ओली आहे. नाशिकला पाऊस मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवायचे असेल तर मागे इंचभर जागा सोडा. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात असे फर्निचर बसवणाऱ्यांनी ही जागा दोन इंच धरावी. तिथल्या जाड माती-विटांच्या भिंतींत जमिनीतली ओल वर चढते आणि स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे प्लगही नीट धरत नाहीत. शिवाय वाड्याच्या अरुंद जिन्यातून अखंड कपाट वर जातच नाही, त्यामुळे तिथे सुट्या भागांचेच फर्निचर घ्यावे.

वाळवीची तपासणी फर्निचरपूर्वीच उरकावी. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात सुमारे फुटाफुटावर छिद्रे पाडून औषध भरतात, आणि कपाट जागेवर आल्यावर ते काम नीट होत नाही. नवी टाइल आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी, लागण्यापूर्वी ते करून घ्या. दुसरा मजला आहे म्हणून वाळवी येणार नाही असे धरू नका. ती पाइपच्या खोबणीतून वर चढलेली मी पाहिली आहे.

स्कर्टिंग भिंतीच्या साधारण दहा मिलिमीटर पुढे येते, आणि तेवढे कपाट भिंतीपासून दूर राहते. स्कर्टिंग प्लास्टरच्याच पातळीत बसवून घेतले तर हा प्रश्न मिटतो. कपाटामागे स्कर्टिंग लावूच नये असे काही मिस्त्री सुचवतात. मला ते पटत नाही. उद्या कपाट हलवले तर तिथली भिंत उघडी पडते, आणि त्या वेळी तशीच टाइल बाजारात मिळत नाही.

कपाट जागेवर आले की आधी जमिनीची पातळी पाहा. सहा फुटांत आठ-दहा मिलिमीटरचा उतार असेल तर कपाट तिरके बसते, दारे एकमेकांना घासतात आणि लोक बिजागरीचे स्क्रू पिळत बसतात. दोष बिजागरीत नसतो. स्पिरिट लेव्हल लावून खालच्या कोपऱ्यात लाकडी पाचर किंवा कडक प्लास्टिकचे तुकडे सरकवा, पुठ्ठ्याच्या घड्या नकोत, त्या दबतात. मग कपाटाच्या पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. आता दारांच्या फटी पाहाव्यात, आणि तरीही फरक दिसला तरच बिजागरी फिरवावी. शेवटी कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी कोन लावून ते भिंतीला बांधा. घरात लहान मूल असेल तर यात तडजोड करू नका, कारण मुले उघडे खण पायरीसारखे चढतात आणि उंच कपाट पुढे झुकते. प्लग विटेत जायला हवा, दोन विटांमधल्या सांध्यात नव्हे. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींत साधा प्लग सैल होतो, तिथे ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरावेत.

आता लाकूड. दुकानात खण पूर्ण बाहेर काढून उलटा करून पाहा. वरून शिसवी दिसणाऱ्या खणाचा तळ आणि मागची बाजू कशाची आहे ते तिथेच कळते. ‘सॉलिड वुड’ या शब्दावर समाधान मानू नये, लाकडाचे नाव बिलावर लिहून घ्यावे. शिसवीच्या फळीत गडद तपकिरी गाभ्याशेजारी फिकट पिवळसर पट्टा असेल तर तो कच्चा भाग असतो आणि भुंगेरा आधी तोच पोखरतो. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला तर तो नग घेऊ नये. पायांचा सांधा कुसू-खाचेचा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला) आहे की नुसत्या बोल्टचा, हे विचारा. बोल्टचा सांधा वाईट नसतो, फक्त वर्षाकाठी एकदा आवळावा लागतो. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांच्या कपाटाचे मात्र वेगळे आहे. ते एकदा जोडावे आणि तसेच ठेवावे. दोन-तीनदा सोडून जोडले की स्क्रूची भोके सैल होतात.

शिसवीचे बरेच तयार फर्निचर जोधपूरकडून येते. तिथली हवा आपल्याहून पुष्कळ कोरडी आहे. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढते. सागवानासारख्या शांत, म्हणजे कमी फुगणाऱ्या लाकडाच्या ९०० मिलिमीटर रुंद फळ्यातही ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर सहा-सात मिलिमीटरचा फरक पडू शकतो. आपल्या टेबलाची रुंदी ३६ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढीच. त्यामुळे टेबलाचा फळा खालच्या चौकटीला कसा धरला आहे हे वाकून पाहा. लांबट भोकांतून स्क्रू घेतले असतील किंवा सरकत्या पट्ट्या असतील तर फळ्याला हलायला वाव आहे. सगळीकडून स्क्रूने आणि गोंदाने जखडलेला फळा एक-दोन उन्हाळ्यांत मधोमध तडकतो. टेबल भिंतीला खेटून बसवायचे असेल तर बारीक फट सोडा, आणि एसीचा झोत किंवा पश्चिमेच्या खिडकीचे ऊन थेट फळ्यावर येणार नाही अशी त्याची जागा ठेवा.

रंगसंगतीबद्दल थोडेच सांगतो. घराच्या दारांचे लॅमिनेट किंवा पॉलिश आधी ठरवून त्याला जुळते शिसवी शोधू नका. दुकानदाराकडून एक खण किंवा पॉलिशचा नमुना मागून घ्या, तो लॅमिनेटच्या दुकानात न्या, आणि दोन्ही नमुने घरी आणून दिवसा व रात्री, आपण जे दिवे लावणार त्याच दिव्यांखाली पाहा. पिवळ्या उजेडात शिसवी तांबूस दिसते आणि पांढऱ्या उजेडात करडी. अगदी सारखा रंग मिळवण्याच्या खटपटीत बहुधा किंचित चुकलेला रंग मिळतो, आणि तो डोळ्यांना टोचतो. दोन छटांचा स्पष्ट फरक त्याहून चांगला दिसतो.

नोंदणी करण्यापूर्वी लिफ्टचे दार, जिन्याची रुंदी आणि वळणावरची जागा यांचीही मापे घ्या. बेडरूमच्या चौकटीची आतली रुंदी साधारण ३३-३४ इंच भरते आणि नव्या टाइलमुळे उंचीही कमी होते, त्यामुळे दाराचे पान खालून कापून घ्यावे लागेल, तेही माल येण्याच्या आधी. कपाट अखंड येणार असेल तर जिन्याच्या वळणावर त्याचे काय होईल याची पाहणी दुकानाच्या माणसाने स्वतः येऊन करावी, असा आग्रह धरा.

बेड-कपाट घरात आल्यावर पहिला पावसाळा त्यांना सांभाळून घ्या. जुलैमध्ये एखादा खण अडकू लागला तर लगेच रंधा मारू नका. खणाच्या कडांवर मेणबत्ती घासा, तो हलका भरा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर पुन्हा पाहा. बहुतेक खण आपोआप मोकळे होतात. पावसाळ्यात रंधा मारलेल्या खणाला मात्र उन्हाळ्यात नको तेवढी फट पडते. डिसेंबरमध्येही खण अडकतच असेल तर त्याची घासलेली, चकाकणारी जागा शोधून तेवढीच तासावी आणि उघड्या लाकडाला पॉलिशचा हात द्यावा.